वारं संपलं म्हना की!

ग्लायडर नीट धावपट्टीवर उतरलं तर सांगण्यासारखं काही उरत नाही, असं आमच्या मोठ्या मामांचं ठाम मत होतं. त्यांच्या गोष्टी सुरू व्हायच्या त्या दुसऱ्याच्या रानात उतरल्यावर.

साठच्या दशकात मामा हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जात. विंचच्या दोरानं ग्लायडर वर चढवायचं, दोर सोडायचा आणि पुढचं सगळं तापल्या हवेच्या भरवशावर. उन्हाळ्यात नांगरलेली रानं तापतात, हवा वर चढते, घारी तिच्यात गिरक्या घेतात. घार दिसली की तिच्याखाली घुसायचं. पण ऊन झाकोळलं की खेळ खलास. मग उंची शिल्लक असतानाच शेत हेरायचं. वरून हिरवळ वाटणारा तुकडा दीड पुरुष उसाचा निघतो, विजेच्या तारा तर शेवटपर्यंत दिसत नाहीत. काढणी झालेलं ज्वारीचं रान उत्तम; वारा कुठून आहे ते गुऱ्हाळाचा धूर सांगतो. असं रानात उतरणं हा अपघात नव्हे, हे मामा दर वेळी बजावत. लांब उडायचं तर असं उतरणं धरूनच चालावं लागतं. १९३१ साली ग्युंटर ग्रोनहोफ हा जर्मन वादळाबरोबर उडत म्युनिकहून २७२ किलोमीटरवर, थेट चेकोस्लोव्हाकियात उतरला होता. “तो परदेशात गेला, आम्ही यवतपर्यंत,” मामा म्हणायचे.

यवतला ते मित्रासोबत ‘रोहिणी’तून उतरले. १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं हे देशी बनावटीचं ग्लायडर. दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं. धूळ बसायच्या आत अर्धं गाव गोळा.

“पेट्रोल संपलं काय वो?”

“याला पेट्रोल लागत नाही. मशीनच नाही.”

“मग उडतंय कशावर?”

“वाऱ्यावर.”

“मग वारं संपलं म्हना की!”

अख्ख्या उड्डाणशास्त्राचा इतका नेमका सारांश मी दुसरीकडे वाचलेला नाही. ग्लायडरचं नाव ऐकून एक म्हातारबाबा आभाळाकडे बघत म्हणाले, “रोहिनी लागायला अजून महिना हाय. ही आधीच कशी पडली?”

तेवढ्यात एक बाई हळदकुंकू घेऊन आल्या, मागून नारळ आला. हळदकुंकवाला हरकत नव्हती. नारळ मात्र ग्लायडरच्या नाकावर फुटणार होता आणि नाक पातळ प्लायवूडचं! मामांनी तो हात वरच्या वर धरला, नारळ शेजारच्या दगडावर फुटला आणि पहिलं खोबरं मामांच्याच हातावर आलं.

खरी धास्ती गुरांची. तेव्हा पंखांवर कापड ताणून त्यावर डोप नावाचं रोगण चढवत. त्याची चव गुरांना का आवडते कोण जाणे, पण जगभरचे जुने ग्लायडरवाले ही तक्रार करतात. मित्र फोनच्या शोधात गेला, मामा राखणीला थांबले. ते चहाला वळतात न वळतात तोच एका गायीनं शेपटाचा भाग चाटायला घेतला. पोरांनी तिला हाकललं, पण तोवर कापडाला हातभर भोक. गायीचा मालकच उलट काळजीत: “रंगानं जनावराला काय व्हनार न्हाई न्हवं?”

दौंडजवळ उतरले ती गोष्ट कागदाची. ग्लायडिंगच्या रौप्य बिल्ल्यासाठी ५० किलोमीटर अंतर, १००० मीटर उंचीची कमाई आणि पाच तासांचं उड्डाण लागतं. बाहेर उतरलं की जागा आणि वेळ लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, अशी तेव्हाची रीत. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी कागद सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि घोळ झाला. आम्ही काय बघितलं न्हाई काय, म्हणत जो तो पुढे. शेवटी समासातसुद्धा अंगठे उमटले. मामा तो कागद बिल्ल्याहून जपून ठेवत.

रात्री ट्रेलर आला की पंख काढायचे. ते सुटताना पाहून एका आजीनं पदर डोळ्यांना लावला, “इतकं चांगलं हुतं, मोडून टाकलं.” पोरं मात्र पंख उचलायला भांडायची.

आता ग्लायडर फायबरची आहेत, गायी त्यांना तोंड लावत नाहीत. खिशात मोबाइल असतो. हडपसरच्या आसपास उतरण्याजोगी रानं मात्र इमारतींनी खाल्ली. तरी कधी तुमच्या शेतात एखादं उतरलंच, तर आधी चहा विचारा. पेट्रोलचं विचारू नका. ते उत्तर देऊन देऊन ही माणसं दमलेली असतात.