पांढऱ्या धामणीची वंशावळ

चोपड्याकडच्या शेतकऱ्याला धामण ओळखायला शिकवावी लागत नाही. केळीच्या बागेत, कपाशीच्या सरीत, गोठ्यामागच्या उकिरड्यावर ती कुठंही भेटते. सहा-सात फूट लांब, अंगानं तपकिरी, शेपटीकडं काळे आडवे पट्टे, आणि माणसाची चाहूल लागली की वाऱ्यासारखी पळणारी. विष तिला अजिबात नाही. तरीही खेड्यात सर्वांत जास्त काठ्या खाणारा साप कोणता, असं कुणी विचारलं तर मी धामणीचंच नाव घेईन.

माझ्या लहानपणची गोष्ट आहे. पावसाळा तोंडावर आला होता आणि शेतातली कडब्याची गंजी हलवण्याचं काम चाललं होतं. खालच्या पेंढ्या उचलल्या तशी एक पांढरी धामण बाहेर आली. पांढरी म्हणजे दुधासारखी नव्हे, तर सोललेल्या केळासारखी पिवळसर पांढरी, डोळे लालसर. आमच्या सालदारानं हातातली पेंढी खाली ठेवली आणि हात जोडले. "मारू नका, लक्ष्मी शे ती," तो म्हणाला. घरातून आजी आली, तिनं लांबूनच हळदकुंकू टाकलं. साप सावकाश बांधावरच्या बोरीत निघून गेला. पुढं आठ-दहा दिवसांनी त्याच जागी साधी तपकिरी धामण निघाली. त्याच सालदारानं ती काठीनं मारली. गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं त्याचं म्हणणं होतं. सापाच्या तोंडाची ठेवण अशी, की त्याला दूध ओढताच येत नाही. शिवाय त्याचे आत वळलेले अणकुचीदार दात कोणती गाय सहन करील? पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

पांढऱ्या धामणीचं आणि त्या मारलेल्या धामणीचं काय नातं असू शकतं, हे कळायला मला पुढं जीवशास्त्र शिकावं लागलं. आणि गंमत अशी, की ते कळलं ते आपल्या सापांवरून नव्हे, जपानच्या आणि अमेरिकेच्या सापांवरून. उंदरांवर जगणाऱ्या अशा सापांना इंग्रजीत सगळीकडे 'रॅट स्नेक' म्हणतात. जाती वेगळ्या, पण ते आपल्या धामणीचे चुलतभाऊच म्हणायचे.

जपानच्या यामागुची प्रांतात इवाकुनी नावाचं गाव आहे. तिथल्या लाकडी कमानींच्या किंताई पुलाची चित्रं अनेकांनी पाहिली असतील. या गावात १७३८ साली पांढरा साप दिसल्याची जुनी नोंद आहे. इवाकुनी हे सरदारांचं गाव. तिथं तांदळाची कोठारं होती, कोठारं म्हटली की उंदीर आले, आणि उंदरांमागं साप. हा साप एरवी काळसर हिरवट रंगाचा असतो. त्यातलेच काही पांढरे निघाले. लोकांनी त्यांना मारलं नाही आणि पकडून विकलंही नाही. ते बेंझाइतेन देवीचे दूत आहेत, त्यांच्यामुळं घरात धन येतं, अशी तिथली श्रद्धा. ही बेंझाइतेन कोण? आपली सरस्वतीच! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानला पोचली. आमच्या सालदाराला हे सांगायला हवं होतं. त्याची लक्ष्मी आणि त्यांची सरस्वती, दोघींनी एकच काम केलं.

रानात असा साप फार काळ टिकत नाही. पांढऱ्या अंगाचा साप घारीला आणि मुंगसाला लांबून दिसतो, आणि लाल डोळ्यांना ऊन सोसत नाही. कोठाराच्या अंधारात मात्र दोन्ही अडचणी टळल्या. जवळपास राहणारे पांढरे साप आपसांत जोड्या लावत गेले आणि त्यांचा वंश त्याच वस्तीत स्थिरावला. १९२४ साली जपान सरकारनं त्यांना नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण दिलं. पुढं कोठारं गेली, घरं सिमेंटची झाली, उंदीर कमी झाले, तसे सापही कमी झाले. तेव्हा गावानं त्यांना बंदिस्त जागेत वाढवायला घेतलं. तिथं अंडी उबवली जातात, पिल्लं वाढवली जातात. २०१२ साली तर त्यांच्या नावानं एक देऊळही उभं राहिलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेची, आणि ती शुद्ध हिशेबाची आहे. तिथं मक्याच्या कणगीभोवती सापडणारा एक लालसर साप आहे, 'कॉर्न स्नेक'. १९५३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात या जातीचा एक नर सापडला, ज्याच्या अंगावर काळ्या रंगाचा ठिपकाही नव्हता. बर्नार्ड बेक्टेल या गृहस्थांनी त्याच्यापासून पैदास सुरू केली. बेक्टेल व्यवसायानं त्वचारोगतज्ज्ञ. दिवसभर माणसांची कातडी तपासायची आणि घरी येऊन सापांची! या कामात त्यांच्या पत्नी एलिझाबेथही होत्या. त्यांनी या नराची जोडी साध्या रंगाच्या मादीशी लावली. पिल्लं निघाली ती सगळी साधी. दुसरा कुणी असता तर इथंच सोडून देता. पण ही साधी दिसणारी पिल्लं मोठी करून त्यांच्या जोड्या लावल्या, तेव्हा १९६१ साली त्यांच्या अंड्यांतून पुन्हा बिनकाळ्या रंगाची पिल्लं बाहेर आली. मेंडेलनं वाटाण्यांवर जे दाखवलं होतं, तेच सापात दिसलं. १९६२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आज जगभर काचेच्या पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी सापांच्या व्यवसायाची ही सुरुवात म्हणता येईल. त्या व्यवसायाबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण तो हिशेब मात्र मोलाचा.

हिशेब असा. कातडीचा काळा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याचा. ते तयार करण्याची कृती प्रत्येक पिल्लाला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम भागतं आणि साप साधाच दिसतो. दोन्ही बिघडल्या तरच काळा रंग गायब. अशा दोन साध्या दिसणाऱ्या सापांची जोडी जमली, तर सरासरीनं चारांतलं एक पिल्लू बिनकाळं निघतं. म्हणून पांढरा साप अचानक आकाशातून पडत नाही. त्याची आई तपकिरी असू शकते, आजी तपकिरी असू शकते, आणि तो बिघाड कितीतरी पिढ्या कुणाला न दिसता चालत आलेला असतो. हे कोड नव्हे. कोड मागाहून उठतं, हे जन्मतःच असतं. आणि काळा गेला तरी पिवळा, तांबडा राहतोच. म्हणूनच असा कॉर्न स्नेक नारिंगी दिसतो आणि आमची गंजीतली धामण केळासारखी पिवळसर दिसली.

बिघाडही एकच नसतो. कॉर्न स्नेकमधला दोष २०१५ साली एका जनुकात सापडला, तर जपानी सापाच्या पांढऱ्या रंगाचं कारण २०१८ साली जपानी संशोधकांना टायरोसिनेज नावाच्या वेगळ्याच जनुकात मिळालं. एकाच जातीत दोन वेगळे बिघाड असले, तर दोन पांढऱ्या सापांची पिल्लं साध्या रंगाची निघतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो पैदास करणारा कपाळावर हात मारून घेतो.

आपल्याकडं बंदिस्त सापांचा इतिहास निराळा आहे. तो विषाचा इतिहास आहे. परळच्या हाफकिन संस्थेत साप ठेवले ते लस करण्यासाठी. तिथले डॉ. देवरस यांनी भारतातल्या सापांवर १९६५ साली पुस्तक लिहिलं. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांच्या खटपटीनं १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान झालं, ते लोकांची भीती घालवण्यासाठी. बिनविषारी धामणीची वंशावळ कोण लिहिणार? तिच्याकडं पाहिलं ते कातड्याच्या व्यापाऱ्यांनी. मोठा साप, म्हणून कातडं मोठं. पट्टे आणि पर्स यांच्यासाठी ही कातडी परदेशी जात. १९७६ साली निर्यातीवर बंदी आली. त्याआधीच १९७२ चा वन्यजीव कायदा झाला होता. आज धामण तपकिरी असो की पांढरी, तिला पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

म्हणजे आपल्याकडं पांढऱ्या धामणीला इवाकुनीचं कोठार नाही आणि बेक्टेल यांची पेटीही नाही. ती येते ती बांधावरच्या तपकिरी धामणींतूनच. पांढरा साप निघाला की आजही लोक मला बोलावतात, फोटो काढतात, नारळ फोडतात. मी त्यांना विचारतो, या गंजीपाशी यंदा साध्या किती मारल्या? उत्तर देताना माणसं जरा इकडंतिकडं बघतात.

आमच्या सालदारानं मारलेली धामण मादी होती. तिच्या पोटात अंडी होती. त्यानं ती काठीनंच बाजूला करून मोजली होती, अकरा भरली. त्या पांढऱ्या धामणीची ती बहीण होती, आई होती की कुणीच नव्हती, हे सांगता येणार नाही. दोघी एकाच गंजीखाली राहत होत्या, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)