वाशीमचे काका आणि २२.३

वाशीमला लग्नाला गेलो की आमचे एक काका हमखास माझ्या पोटावर टिचकी मारतात. "खात्यापित्या घरचं पोरगं दिसून राह्यलं!" काकांचे स्वतःचे हातपाय काटकुळे, पोट मात्र माठासारखं. पन्नाशीच्या आधीच शुगर निघाली. "मी कुठं जाड हाओ बे?" हा त्यांचा नेहमीचा सवाल. तक्त्यात बघितलं तर खरंच नॉर्मल!

म्हणून तक्त्याचा इतिहास उकरला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हे सूत्र १८३० च्या दशकातलं, बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाचं. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, लठ्ठपणाशी देणंघेणं नव्हतं. अ‍ॅन्सेल कीजने त्याला 'बीएमआय' हे नाव दिलं ते थेट १९७२ मध्ये. २५ च्या आत असलात की पास.

आणि इथे आपलं पुणं येतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! सूत्राला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळतच नाही. (युनिट टेस्ट पास, प्रॉडक्शन डाऊन. असो.) त्याआधी, १९९३ पासून, याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला होता. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, तरी चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे काकांचं पोट बहुतेक जन्माआधीच सुरू झालेलं.

आपल्याकडे पोटाला मान का, हेही समजण्यासारखं आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला. वाशीम तेव्हाही जिल्हाच होता (१९०५ मध्ये मोडला, १९९८ मध्ये परत झाला). ज्या मुलखाने असे दुष्काळ बघितले, तिथे सुटलेलं पोट म्हणजे भरलेली कणगी. कुणाला त्यात मधुमेह, बीपी, हार्ट अटॅक दिसणार?

२००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी आकडे खाली आणले: बीएमआय २३ ला जादा वजन, २५ ला लठ्ठपणा, कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८०.

गेल्या खेपेला काकूंच्या शिलाई मशीनवरची टेप घेतली. काका ९८. मग काकांनी टेप माझ्याकडून हिसकावून घेतली.

माझी ९३ भरली.