प्रौढ भगिनींचे शिक्षण : पाटीपासून संगणकापर्यंत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासविषयक लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. नंदुरबारचा इतिहास म्हटला की ९ सप्टेंबर १९४२ आणि बालशहीद शिरीषकुमार यांचे स्मरण प्रथम होते, व ते योग्यच आहे. पण तो इतिहास आपणा सर्व भगिनींना तोंडपाठ आहे. म्हणून थोडा घरगुती विषय हाती घेतला आहे. वयाने वाढलेल्या, समाजकार्यात मुरलेल्या बायका नवी विद्या कशी शिकल्या, आणि कोठे अडल्या, हा तो विषय होय.

हा विषय सुचण्यास कारण घडले. आपल्या मंडळाच्या कामातून गेल्या काही वर्षांत तीन-चार जुन्या भगिनी हळूहळू दूर झाल्या. भांडण नाही, दुखणे नाही. त्यांतील एक बाई वीस वर्षांवर मंडळाचे हिशेब ठेवीत होत्या. त्यांच्या वहीत एका पैशाची चूक कधी निघाली नाही. एके दिवशी त्यांनी वह्या आणून ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही तरुण मुलींनी बघा." आम्ही समजलो, थकल्या असतील, नारळ देऊन सत्कारही केला. पुढे वर्षभराने कळले की पावत्या, निरोप, सभेची सूचना सगळेच फोनवर येऊ लागले आणि ते आपल्याला येत नाही हे सांगण्याची त्यांना लाज वाटली. आम्हीही कधी विचारले नाही. सत्काराचा तो नारळ मला अजून बोचतो.

ही लाज नवी नाही. रमाबाई रानडे लग्नानंतर शिकू लागल्या तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती टोचून बोलावे, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याच रमाबाईंच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि संसारी बायकांना, विधवांना तेथे विद्या मिळू लागली; त्यातून परिचारिका व शिक्षिका तयार झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांचे शिक्षण तर कोणत्याही शाळेच्या हिशेबात बसणारे नव्हते. परंतु 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ६६ च्या घरात होते. महर्षी कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले ते १९३६ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. तेव्हा "आता या वयात काय शिकायचे" हा प्रश्न महाराष्ट्रात तरी कोणी विचारू नये.

स्वातंत्र्यानंतर प्रौढशिक्षणाला जोर आला. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ पासून ती राज्यभर पसरली. गावातील प्रौढ साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ व्हावयाचा. मोठा उत्साहाचा काळ तो. परंतु एक अडचण तेव्हाच ध्यानात आली. शिकलेली अक्षरे वापरात राहिली नाहीत तर वर्षा-दोन वर्षांत माणूस पुन्हा अंगठ्यावर येतो. ज्या घरात पोथी, पत्र, वहीखाते काहीतरी चालू राहिले तेथे अक्षर टिकले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हाही हीच गोष्ट पुन्हा दिसली. हे पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे सर्व राज्यात खालच्या टोकाला. आणि लोकसंख्येत आदिवासी बांधव सुमारे ६९ टक्के. घरी भिली, पावरी, मावची, कोकणी किंवा अहिराणी, आणि कागदावर मराठी. अशा मुलखात सार्वजनिक कामाचा भार कोणी वाहिला? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. सेविकेला पगार नाही, मानधन. म्हणजे सरकारच्या लेखी ती स्वयंसेविकाच. धडगाव, मोलगीकडील डोंगरपाड्यांवर या बायकांनी तराजू खांद्यावर घेऊन मुलांची वजने केली. २०२० साली करोनाच्या काळात चिमलखडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेतून होडी वल्हवीत, जाऊन-येऊन १८ किलोमीटर, पाड्यांवरील बालकांपर्यंत पोचत. त्याची वार्ता देशभर गेली.

या सेविकांच्या हाती वर्षानुवर्षे रजिस्टरे होती. वजनाचे वेगळे, आहाराचे वेगळे, गरोदर मातांचे वेगळे. मग ती रजिस्टरे फोनमध्ये शिरली. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाले आणि १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. पंचविशीतल्या सेविकेला ते सोपे. पण जिने तीस वर्षे गावची बाळे मोजली तिची बोटे काचेवर थरथरू लागली. फोन हलके, मराठीची सोय अपुरी, रेंजसाठी टेकडी चढावी लागे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अनेक सेविकांनी सरकारी फोन परत केले. कोणी म्हणाले, या बायकांना शिकायचेच नाही. मला ते पटत नाही. अवजार धड दिले नाही, शिकवणारे माणूस शेजारी बसवले नाही, तर कसलेली शेतकरीणही नव्या तिफणीला नावे ठेवील.

नवलाची गोष्ट अशी की संगणकयुगाचे काही पहिले मान आपल्याच भागाला मिळाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकाचे देशातील पहिले वाटप शहादे तालुक्यातील टेंभली गावी झाले, आणि पहिला क्रमांक मिळाला तो एका स्त्रीला, रंजना सोनवणे यांना. १५ मार्च २०१५ रोजी नाबार्डने बचत गटांचे हिशेब संगणकावर नेण्याचा 'ई-शक्ती' उपक्रम प्रयोगादाखल सुरू केला, तो झारखंडातील रामगड व आपले जुने घर धुळे या दोन जिल्ह्यांत. अर्थात मान मिळणे वेगळे आणि विद्या मिळणे वेगळे. बोटाचा ठसा देता येणे म्हणजे फोन चालवता येणे नव्हे. संगणकाचे वर्गही निघाले. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घरोघरी गेले, पण ते नोकरीच्या वयातील मुलामुलींसाठी. साठीच्या बाईला नोकरी नको होती, तिला फक्त गटाची शिल्लक पाहायची होती.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा ही उणीव सर्वांस दिसली. अर्ज 'नारीशक्ती दूत' ॲपवर, आणि भरून देण्याचे काम पुष्कळसे अंगणवाडी सेविकांवर. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. ओटीपी म्हणजे काय, तो कोणाला सांगावा आणि कोणाला बिलकुल सांगू नये, हे सांगणारे माणूस गल्लीत असणे हा त्या दिवसांत पैशाइतकाच मोठा आधार होता.

या अडचणीतच आम्हाला फांगणे गावची आठवण झाली. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. गावातील वृद्ध स्त्रिया शिक्षक योगेंद्र बांगर यांच्याजवळ बोलल्या की आम्हालाही पोथी वाचता आली असती तर बरे झाले असते. त्यांनी ते बोलणे मनावर घेतले. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. मला त्या लुगड्यांचे फार अप्रूप वाटते. गणवेश घातला की चुकण्याची मुभा मिळते. सगळ्याच विद्यार्थिनी, मग कोणी कोणाला हसावे?

आपल्या मंडळाने गुलाबी लुगडी काही घेतली नाहीत, पण दुपारचा वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात फजितीच झाली. शिकवायला बसलेल्या आमच्या नाती-सुना आजीच्या हातून फोन काढून घेत आणि "हे बघ, असं" म्हणून झरझर करून परत देत. काम होई, विद्या होत नसे. मग नियम केला की शिकवणारीने हात मांडीवर ठेवावेत, बोट लावायचे ते शिकणारीनेच. नावे लिहून ठेवण्यासाठी प्रत्येकीला एक वही दिली. हिरवे बटण म्हणजे काय, मागे कसे यावे, हे ती आपल्या शब्दांत उतरवी. मराठी अक्षरांच्या कळफलकाची सोय देशात १९८६ मध्ये ठरली आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ते काम पुढे नेले. तरी जोडाक्षर जुळवताना आमच्या भगिनी रडकुंडीस येत. बोलून लिहिण्याची सोय दाखवली तेव्हा मात्र वर्गात हशा पिकला. एक आजी अहिराणीत बोलल्या आणि पडद्यावर जे उमटले त्याचा अर्थ आजतागायत कोणालाही लागलेला नाही.

जुन्या प्रौढशिक्षणाचा धडा येथे कामी आला. शिकलेले वापरात राहावे म्हणून प्रत्येकीला मंडळाचे एक खरे काम सोपवले. एकीकडे सभेची सूचना पाठवणे, एकीकडे फोटो, एकीकडे वर्गणीची नोंद. आणि ज्या हिशेब ठेवणाऱ्या बाईंविषयी आरंभी लिहिले त्यांच्या घरी आम्ही दोघी-तिघी गेलो. प्रथम त्यांनी चहाच दिला, विषय टाळला. तिसऱ्या खेपेस आल्या. या वर्षीचा जमाखर्च त्यांनी वहीत लिहिला आणि मग संगणकावरही उतरवला. दोहोंत साडेतीनशे रुपयांचा फरक आला. तपासता चूक संगणकावर उतरवताना झाली होती, वहीत नव्हे. त्यांनी ती शोधली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी येथे लिहीत नाही, ज्या भगिनी हजर होत्या त्यांनी पाहिले आहे.

वर्ग दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी २ ते ४ मंडळाच्या खोलीत भरतो. येताना चष्मा आणि चार्जर विसरू नये.