शिडाची बोट आणि हातभर लांबीची पट्टी : 'चेनप्लेट' वेळेत का बदलावी लागते?

चिखलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही शिडाच्या बोटीतली सगळ्यात धोक्याची जागा समजून घ्यायला किनाऱ्यावर जायची गरज नाही. शेताच्या कडेचा विजेचा खांब बघा. लाइन जिथे वळते किंवा संपते, तिथल्या खांबाला एक तिरकी तार बांधून ती जमिनीत गाडलेल्या सळईला ताणून बसवलेली असते. तार धडधाकट दिसते, पण सळई जिथे मातीत शिरते तिथे ती गुपचूप गंजत राहते. मग एखाद्या वादळात ती तुटते आणि खांब कलतो.

शिडाच्या बोटीवर त्या सळईचं काम करणारी धातूची पट्टी म्हणजे 'चेनप्लेट'.

चेनप्लेट नेमकं काय करते?

शिडाची बोट वाऱ्यावर चालते. वारा शिडाला ढकलतो, शीड डोलकाठीला ओढतं आणि डोलकाठी तो जोर बोटीला देते. आजच्या बहुतेक बोटींची डोलकाठी नुसती स्वतःच्या ताकदीवर उभी राहत नाही. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी पोलादी तारांनी तिला ताणून धरलेलं असतं. प्रत्येक तारेचं खालचं टोक चेनप्लेटला अडकवलेलं असतं आणि ही पट्टी बोल्टने बोटीच्या अंगाला पक्की केलेली असते.

म्हणजे हातभर लांबीच्या या पट्टीवर काही टनांचा ताण येतो. तो ताणही एकसारखा नसतो. प्रत्येक लाटेबरोबर तो वाढतो आणि कमी होतो. अशी एक पट्टी तुटली, तर अख्खी डोलकाठी कोसळू शकते.

डोलकाठी गेली तर काय होतं?

भारतीयांना याची जाणीव 2018 मध्ये झाली. नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी 'गोल्डन ग्लोब' या एकट्याने जग फिरण्याच्या शर्यतीत उतरले होते. त्यांची 'थुरिया' ही बोट गोव्यात बांधलेली होती. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. 24 सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं.

तिथे घात केला तो वादळाने. पण भर समुद्रात डोलकाठी गेली की माणूस किती असहाय होतो, हे त्या घटनेने दाखवून दिलं. वादळ थांबवणं कुणाच्याच हातात नाही. जुनी झालेली पट्टी बदलणं मात्र हातात असतं.

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जग फिरून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. याच 'म्हादेई'वरून टॉमींनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. 'तारिणी'वर 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या, आणि 2024-25 मध्ये त्याच बोटीवरून दोघींनी पुन्हा परिक्रमा केली. एकच बोट वर्षानुवर्षं अशा समुद्रात जाते, तेव्हा तिच्या प्रत्येक सांध्याचं वय मोजावं लागतं.

पण स्टेनलेस स्टील गंजतं का?

हो, गंजतं. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच स्टीलला वाचवतो. थरावर ओरखडा आला, तर ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा भरून येतो.

खरी अडचण तिथेच आहे. चेनप्लेट अनेकदा डेकमधून आरपार खाली जाते. त्या फटीत खारं पाणी झिरपतं आणि साचून राहतं. आत ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे थर भरून येत नाही. मिठातले क्लोराइड धातू पोखरायला लागतात. वरचा भाग आरशासारखा चकचकीत आणि आतला खड्ड्यांनी भरलेला, असा प्रकार होतो. वारंवारच्या ताणाने त्या खड्ड्यांतून बारीक भेगा पडतात. आपल्याकडच्या उष्ण, दमट किनाऱ्यावर हे आणखी वेगाने घडतं.

कशावरून ओळखायचं?

• पट्टीच्या मुळाशी तपकिरी डाग
• केबिनमध्ये त्याच जागी पाणी गळणं
• बोल्टच्या भोकाजवळ केसासारखी भेग
• आजूबाजूचं डेक दाबल्यावर मऊ लागणं

पण डाग नाही म्हणजे पट्टी ठणठणीत, असं नाही. पट्टी बाहेर काढून बघणं हीच खात्रीची तपासणी. भेग शोधण्यासाठी तिच्यावर रंगीत द्रव लावून पुसतात. भेगेत शिरलेला रंग नंतर वर येतो आणि भेग उघडी पडते. बोटीचा इतिहास माहीत नसेल आणि पट्ट्या वीसेक वर्षं जुन्या असतील, तर अनेक जाणकार थेट बदलायलाच सांगतात.

बदलतात कशी?

1. डोलकाठी उतरवलेली असेल तर उत्तम. उभी असेल, तर एका वेळी एकच पट्टी काढतात. त्याआधी त्या बाजूला मजबूत दोर बांधून डोलकाठीला आधार देतात.
2. तार सैल करून सोडवतात, बोल्ट काढतात आणि पट्टी बाहेर ओढतात.
3. भोकाभोवतीचं लाकूड कुजलं असेल, तर ते खरवडून काढून तिथे इपॉक्सी भरतात. हे टाळलं, तर नवी पट्टीही तशीच सडते.
4. नवी पट्टी जुनीच्याच मापाची किंवा थोडी जाड घेतात. 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील नेहमीचं. त्यातलं मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्याला जास्त टक्कर देतं. टायटॅनियम त्याहून टिकाऊ, पण महाग.
5. पट्टीचा कोन तारेच्या रेषेतच हवा. तिरपी बसली, तर प्रत्येक झटक्याला वाकत राहते आणि लवकर तुटते.
6. बोल्टही नवेच घालतात. फट सीलंटने बंद करतात आणि शेवटी सगळ्या तारांचा ताण पुन्हा जुळवतात.

कोकणात पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि डागडुजी करतात. बोट जमिनीवर असताना तिच्या झाकलेल्या जागा उघडून बघायच्या, हा त्यामागचा साधा शहाणपणा. फायबरच्या आधुनिक बोटीलाही तोच लागू पडतो.

आणि समुद्राशी आपला संबंध नसला, तरी पुढच्या वेळी पाण्याची टाकी, गच्चीवरचा पत्रा किंवा विजेचा ताण बघाल, तेव्हा नजर चकचकीत भागावर ठेवू नका. धातू जिथे आत शिरतो आणि दिसेनासा होतो, तिथे बघा.