हास्याची मालकी

कलेच्या प्रांतांत उसनवारी कोठें संपते आणि चोरी कोठें सुरू होते, हा वाद फार जुना आहे. पूर्वसूरींची कल्पना घेणाऱ्या कवीला आपण कधीं रसिक म्हणतों, कधीं वाङ्मयचोर म्हणतों. आणि निवाडा बहुधा आपल्या आवडीनिवडीप्रमाणें देतों. चित्रपटाच्या अल्पशा इतिहासांत या वादाचें एक विलक्षण उदाहरण घडलें आहे. त्यांत वादाचा विषय झालेली कृति स्वतःच मालकीच्या कल्पनेची थट्टा करणारी होती. ती कृति म्हणजे रने क्लेर या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९३१ सालचा 'आ नू ला लिबेर्ते' हा विनोदी बोलपट. नांवाचा अर्थ 'स्वातंत्र्य आम्हांला!' असा आहे.

क्लेर हा पॅरिसचा. जन्म १८९८ सालचा. मूकपटांच्या काळांतच त्यानें कीर्ति मिळविली होती, आणि म्हणूनच पडद्यावर शब्द आला तेव्हां तो धास्तावला. चित्रपट म्हणजे रंगभूमीची निर्जीव नक्कल होऊन बसेल, ही त्याची भीति होती; आणि ती अगदींच अनाठायीं नव्हती. आरंभीच्या पुष्कळ बोलपटांत पात्रें एका जागीं उभीं राहून नुसतीं बोलत असत. क्लेरनें ध्वनि नाकारला नाहीं. त्याला चित्राचा चाकर केलें. डोळ्यांना जें दिसतें तेंच कानांना पुन्हां ऐकविण्यांत स्वारस्य नाहीं, हें त्याचें सूत्र. १९३० चा 'सू ले त्वा द पारी' आणि १९३१ चा 'ल मिल्यों' यांत त्यानें तें पडताळून पाहिलें, आणि मग हा तिसरा बोलपट केला.

कथा साधी आहे. लुई आणि एमिल हे दोन कैदी तुरुंगांत लांकडी खेळण्यांचे घोडे तयार करीत असतात. पळून जाण्याचा बेत दोघांचा. पण ऐन वेळीं एमिल मागें राहतो आणि लुई निसटतो. ग्रामोफोन विकतां विकतां तो एका प्रचंड कारखान्याचा धनी होतो. कालांतरानें एमिल बाहेर येतो, हिरवळीवर आडवा पडतो, आणि तेवढ्याच अपराधासाठीं पुन्हां पकडला जातो. कारण काम करणें हें सक्तीचें! पुढें एका मुलीच्या मागें भटकत तो नेमका लुईच्या कारखान्यांत शिरतो. हा आपलें पूर्वचरित्र उघड करील या भयानें लुई प्रथम धास्तावतो. पण जुनी मैत्री भयाहून बलवान् ठरते. अखेर नव्या कारखान्याच्या उद्घाटनाच्या दिवशीं वारा सुटतो, नोटा उडूं लागतात, आणि उंच टोप्या घातलेले प्रतिष्ठित लोक त्यांच्यामागें धांवत सुटतात. लुई कारखाना मजुरांना देऊन टाकतो, आणि दोघे मित्र निष्कांचन होऊन रस्त्याला लागतात.

या चित्रपटाचें मर्म एका साम्यांत आहे. तुरुंगांतील लांब टेबलें, एका रांगेंत बसलेलीं माणसें, मागून फिरणारा पहारेकरी. आणि कारखान्यांतहि तींच टेबलें, तीच रांग, तोच पहारा. लाझार मीरसन या नेपथ्यकारानें दोन्ही वास्तु जणूं एकाच नकाशावरून बांधल्या आहेत. जॉर्ज ऑरिकचें संगीत व्याख्यान न देतां हें साम्य मनावर ठसवितें. एका प्रसंगीं एमिल खिडकींतल्या तरुणीचें गाणें तल्लीन होऊन ऐकतो; थोड्या वेळानें ध्यानांत येतें कीं, तें गाणें तिच्या कंठांतलें नसून यंत्रांतलें आहे. दुसऱ्या एका प्रसंगीं सरकत्या पट्ट्यावर त्याचा हात क्षणभर चुकतो. निसटलेल्या भागामागें तो धांवतो, शेजाऱ्याचें काम बिघडतें, आणि पाहतां पाहतां सारी रांग विस्कटते.

याच प्रसंगानें पुढें कोर्टाची पायरी चढविली. १९३६ सालीं चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' प्रसिद्ध झाला. त्यांतहि सरकता पट्टा आहे, चुकलेला हात आहे, उधळलेली रांग आहे. क्लेरचा चित्रपट काढणारी 'टोबिस' ही मूळ जर्मन कंपनी ध्वनियंत्रांच्या पेटंटांवर उभी राहिलेली. तिच्याच पैशानें क्लेरनें ध्वनियंत्रांच्या कारखान्याला तुरुंग ठरविलें होतें! या कंपनीनें १९३७ सालीं चॅप्लिनवर दावा लावला. जर्मनींत तेव्हां नात्सी राजवट होती, आणि कंपनीहि सरकारच्या मुठींत जात होती. क्लेरनें मात्र दाव्यांत साथ देण्याचें नाकारलें. आपण स्वतःच चॅप्लिनचे ऋणी आहोंत, आणि त्यानें आपल्यापासून कांहीं घेतलें असेल तर तो आपला गौरव आहे, अशी त्याची भूमिका होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हें प्रकरण पुन्हां उकरून काढण्यांत आलें आणि शेवटीं कोर्टाबाहेर तडजोडीनें मिटलें.

क्लेरचें हें म्हणणें केवळ सौजन्याचें होतें, असें आम्हांला वाटत नाहीं. मोकळ्या रस्त्यानें चालत जाणारा निष्कांचन भटक्या ही मूर्ति पडद्यावर अमर केली ती चॅप्लिननेंच. क्लेरचे दोन मित्र शेवटीं त्याच वाटेनें जातात. शिवाय यंत्राचा प्रश्न कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. फोर्डच्या कारखान्यांत सरकता पट्टा १९१३ पासून चालूं होता. १९३१ च्या सप्टेंबरांत लंडन येथें चॅप्लिन महात्मा गांधींना भेटला तेव्हांहि बोलणें यंत्राविषयींच झालें. आणि क्लेरचा चित्रपट त्या वेळीं लोकांपुढें यावयाचा होता. दोघांनींहि जें उचललें तें काळाच्या पट्ट्यावरून उचललें, असेंच म्हणावें लागतें.

तरीहि क्लेरच्या कृतींतील एक उणीव आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. शेवटीं यंत्रें आपोआप माल तयार करतात आणि मजूर नदींत गळ टाकून स्वस्थ बसतात. जगांत बेकारीचा वणवा पेटला असतां हें स्वप्न फार स्वस्तांत मिळालेलें वाटतें. यंत्रानें माणसाच्या हातचें काम घेतलें म्हणजे त्याला विसांवा मिळेल कीं उपासमार, हें यंत्र कोणाचें यावर अवलंबून असतें. लुईनें कारखाना देऊन टाकला म्हणून विसांवा मिळाला; पण असे लुई जगांत किती? चॅप्लिननें उपासमारीची बाजू दाखविली. त्याचा मजूर वेड्यांच्या इस्पितळांत, तुरुंगांत आणि बेकारांच्या गर्दींत हिंडतो. कांहीं उसनें घेतलेंच असेल, तर त्यानें तें सव्याज फेडलें आहे.

क्लेरला पुढें १९६० सालीं फ्रेंच अकॅडमीचें सभासदत्व मिळालें. १९८१ सालीं तो वारला. त्याच्या मानसन्मानांपेक्षां त्याचा तो एक नकार आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. विनोदकाराला आपल्या उपदेशाप्रमाणें वागण्याची पाळी क्वचित् येते. क्लेरवर ती आली, आणि तो आपल्या लुईप्रमाणेंच वागला.