गांज्याचा मक्ता आणि गांवाचा कौल

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पावसाळा सरून तुरीचीं शेतें पुरुषभर वाढलीं कीं, वर्तमानपत्रांत एक ठराविक बातमी वाचावयास मिळते. अमुक शिवारांत तुरीच्या ओळींआड लावलेलीं गांज्याचीं झाडें पोलिसांनीं उपटलीं, पंचनामा झाला, शेतकरी अटकेंत आहे. त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर कधीं कधीं कॅनडांतील अगर अमेरिकेंतील एखाद्या शहराची हकीकत असते. गांज्याचें दुकान आपल्या हद्दींत असावें कीं नसावें, असल्यास शाळेपासून किती दूर असावें, याचा निर्णय तेथील नगरसभेनें केलेला असतो. ज्या वस्तूच्या चार झाडांपायीं येथें मनुष्य तुरुंगांत जातो, तिच्याच दुकानासाठीं तेथें नागरिकांचीं मतें घेतलीं जातात.

हा फरक केवळ पाश्चात्त्यांच्या मोकळेपणाचा आणि आपल्या कडकपणाचा आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु वऱ्हाडच्या गेल्या दीडशें वर्षांच्या राज्यकारभाराकडे पाहिलें म्हणजे आढळतें कीं, परवान्याचा गांजा ही आपल्या पणजोबांच्या नित्य परिचयाची वस्तु होती. सरकार तो पिकविण्याचा परवाना देई, सरकारच्या कुलुपाखालीं तो कोठारांत राही, आणि सरकारच त्याच्या विक्रीचा लिलाव करी. पुढें सरकारनेंच तो बंद केला. या दोन्ही वेळीं, ज्या गांवांत तें दुकान होतें त्या गांवास कोणी विचारलें होतें काय, हा आमच्या प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून देणें अवश्य आहे. झाड एकच, त्याचीं पानें ती भांग, मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे तो गांजा, आणि वेगळी काढलेली राळ तो चरस. उत्तम गांजा हवा असेल तर शेतांतील नर झाडें वेळींच ओळखून उपटावीं लागतात. कारण मादी झाडास बीं धरलें म्हणजे राळ उणावते. असें कसबाचें पीक थोड्या शेतकऱ्यांच्या हातीं व थोड्या जागेंत एकवटणें सोपें, आणि म्हणूनच त्यावर पहारा व कर बसविणेंही सोपें. इंग्रज कारभाऱ्यांनीं हें मर्म लौकर ओळखलें. बंगाल्यांत राजशाही जिल्ह्यांतील नौगांव, मुंबई इलाख्यांत अहमदनगर, आणि मध्यप्रांतांत सातपुड्यापलीकडील निमाड, हीं या पिकाचीं ठिकाणें प्रसिद्ध होतीं. निमाडचा माल खांडव्याच्या सरकारी कोठारांत जमा होई. आमच्या जळगांव जामोदच्या डोंगरांपलीकडे निमाडचाच मुलूख लागतो, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

वऱ्हाड प्रांत इ. स. १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला व १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. मादक पदार्थांच्या व्यवस्थेचें सूत्र साधारणपणें असें होतें : कोठारांतून बाहेर पडणाऱ्या मालावर वजनाप्रमाणें कर घ्यावयाचा, आणि किरकोळ विक्रीचा हक्क लिलावांत चढ्या बोलीनें द्यावयाचा. कर ठरलेला असे. लिलावाचा आंकडा मात्र मक्तेदाराच्या आशेवर चढे. दुकान कोठें असावें हें मुख्यतः जिल्ह्याचा साहेब ठरवी, दुकान कोणाचें असावें हें बोली ठरवी, आणि दुकानासमोरून रोज कोणी जावयाचें हें मात्र गांवाच्या नशिबावर सोंपविलेलें असे.

आमची आजी मेहकर तालुक्यांतील एका खेड्यांत वाढली. तिच्या लहानपणीं बाजाराच्या वाटेवर असें एक दुकान होतें. तेथें कधीं दंगा झाल्याचें तिनें सांगितलें नाहीं. चिलीम ओढणारे बहुधा भिंतीला टेकून निमूट बसत. परंतु बायका पाण्याला जातांना ती वाट सोडून मागच्या काट्याकुट्यांच्या वाटेनें जात. "दुकान कोणी आणलं तें ठाऊक नाहीं, आणि कोणी नेलं तेंही ठाऊक नाहीं, आम्हांला फक्त लांबची वाट ठाऊक," असें ती म्हणे. सरकारी अहवालांत करांचे आंकडे असतात. या लांबच्या वाटेचा आंकडा त्यांत कोठून असणार?

तथापि या वस्तूकडे पाहण्याची लोकांची दृष्टि केवळ तिरस्काराची होती, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. महादेवाच्या पूजेशीं भांगेचा संबंध जुना आहे. गोसावी, बैरागी यांच्या धुनीशीं चिलीम होतीच. आमच्याच जिल्ह्यांतील शेगांवीं श्रीगजानन महाराज १८७८ सालीं प्रकट झाले. दासगणूंनीं लिहिलेल्या त्यांच्या ओवीबद्ध चरित्रांत, काशीहून आलेल्या एका गोसाव्यानें महाराजांस गांजा अर्पण करण्याचा नवस फेडल्याची कथा आहे. भाविक श्रोता ती कथा ऐकून महाराजांच्या निर्लेपपणास हात जोडतो, आणि आपल्या मुलानें चिलमीस हात लावूं नये असेंही बजावतो. या दोहोंत त्यास विसंगति वाटत नाहीं. लोकांची नीति अशी प्रसंग आणि पात्र पाहून चालते. कायद्यास ती सवड नसते.

महाराज शेगांवांत असतांनाच हा प्रश्न लंडनास पोहोंचला. १८९३ सालीं पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारनें एक चौकशी-मंडळ नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांपैकीं तिघे एतद्देशीय. मंडळानें ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ सालीं आपला विस्तृत अहवाल सादर केला. त्यांतील वेडाविषयींचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. १८९२ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत आलेल्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें गांजा-भांग हें कारण लिहिलेलें होतें. मंडळानें एकेक प्रकरण तपासलें तेव्हां असें दिसून आलें कीं, पुष्कळदां रोग्यास घेऊन येणाऱ्या पोलिसानें जें सांगितलें तेंच वहींत उतरलें होतें. छाननीअंतीं इतर कारणांशीं मिश्र असलेलीं धरूनही ९८ च प्रकरणें उरलीं.

मंडळाचा निष्कर्ष असा होता कीं, परिमित सेवनापासून फारसा अपाय होत नाहीं, अतिरेकापासून होतो. म्हणून सर्वस्वी बंदी आवश्यकही नाहीं आणि इष्टही नाहीं. बंदीनें लोक अधिक घातक व्यसनांकडे वळतील, ही भीतिही त्यानें बोलून दाखविली. उपाय सुचविले ते असे : भरपूर कर, परवान्यावांचून लागवडीस मनाई व लागवडीचें केंद्रीकरण, दुकानांच्या संख्येस मर्यादा, आणि प्रत्येकास जवळ बाळगतां येईल अशा मालास मर्यादा. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद या दोघां एतद्देशीय सभासदांनीं आपलीं भिन्न मतें स्वतंत्र जोडलीं. बहुमताचा पक्ष सरकारनें उचलला. अहवाल विवेकी होता, आणि विज्ञानाच्या दृष्टीनें त्याच्या काळाच्या पुढें होता, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु त्याच्या व्यवस्थेंत एक ग्यानबाची मेख राहिलीच. दुकानें कमी करावयाचीं कोणी? ज्याच्या तिजोरींत त्यांचें उत्पन्न पडतें त्यानेंच.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानें स्थानिक स्वराज्याचा पाया घातला गेला होता. नगरपालिका आणि लोकल बोर्डें यांच्याकडे रस्ते, दिवे, गटारें, शाळा आलीं; मादक पदार्थांचा मक्ता आला नाहीं. पुढें १९०५-०६ च्या अबकारी समितीनंतर शहरांतून सल्लागार मंडळें नेमण्याचा प्रघात पडला. पण सल्ला म्हणजे हक्क नव्हे. १९२१ पासून हें खातें प्रांतिक मंत्र्यांकडे सोंपविलें गेलें, तेव्हां मक्त्याच्या उत्पन्नावर शाळा चालवाव्या कीं शाळांसाठीं मक्ता चालूं ठेवावा, असा पेंच लोकनियुक्त मंत्र्यांसही पडला. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, आणि १९५९ सालीं मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा येथें लागू झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें औषधावांचून इतर कारणांसाठीं होणारें गांज्याचें सेवन बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत दिली. करार १९६४ सालीं अमलांत आला, तेव्हां ती मुदत १९८९ सालीं संपली. दरम्यान १९८५ सालीं आपल्या संसदेनें कडक कायदा केला. त्याच्या आजच्या स्वरूपांत गांज्याच्या लागवडीस दहा वर्षांपर्यंत कैद आहे. फुलोरा नसलेलें पान मात्र व्याख्येंतून वगळलें, म्हणूनच राजस्थान, उत्तर प्रदेश येथें भांगेचीं परवान्याचीं दुकानें अद्यापि दिसतात.

दुकान आलें तें कलकत्ता-नागपुराहून आलें; गेलें तें मुंबई, दिल्ली आणि न्यूयॉर्कच्या ठरावांनीं गेलें. आजीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

महाराष्ट्रांत गांवास विचारण्याची रीत पडली ती दारूच्या बाबतींत. २००८ च्या आदेशाप्रमाणें गांवांतील पंचवीस टक्के मतदारांनीं, अथवा तितक्या स्त्री-मतदारांनीं, लेखी मागणी केली तर गुप्त मतदान होतें, आणि एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें विरुद्ध पडलीं तर दुकान बंद होतें. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशीं चिन्हें असतात. निरक्षर म्हातारीसही आपलें मत कळावें, ही त्यांतील योजना. मतदानास न आलेला मनुष्यही या हिशेबांत दुकानाच्याच बाजूस पडतो, हा नियमांतील दोष खरा. पण तत्त्व मोलाचें आहे. लांबच्या वाटेनें जाणाऱ्या बाईस त्यामुळें कौल देतां आला.

परदेशांत हेंच तत्त्व गांज्यास लावलेलें आहे. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत २०१२ सालीं जनतेच्या कौलानें गांजा कायदेशीर झाला, व १ जानेवारी २०१४ पासून दुकानें उघडलीं. पण प्रत्येक शहरास आपल्या हद्दींत तीं नाकारण्याचा अधिकार ठेवला. डेन्व्हरनें तीं घेतलीं, कोलोरॅडो स्प्रिंग्जनें नाकारलीं. परिणाम असा झाला कीं, शेजारच्या चिमुकल्या मॅनिटू स्प्रिंग्ज गांवाकडे गिऱ्हाईक वळलें आणि करही तिकडेच गेला. अखेर २०२४ सालीं कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या मतदारांनींही होकार दिला. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतानें आपल्या नगरसभांना जानेवारी २०१९ पर्यंत नकार कळविण्याची मुदत दिली होती, आणि ४१४ पैकीं ७७ नीं तो कळविला. गांवाचा नकार म्हणजे व्यसनाचा अंत नव्हे, हें मॅनिटूचें उदाहरण शिकवितें. चिखलीनें नाकारलेलें मेहकरांत मिळणार असेल, तर एस. टी. चें तिकीट काढणारास कोण अडविणार?

दुसरा धडा नौगांवचा आहे. तेथील गांजा-उत्पादकांनीं १९१७ सालीं सहकारी संस्था काढली. तिच्या नफ्यांतून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. हिंदुस्थानच्या फाळणीनंतर आणि पुढें बांगला देश झाल्यावरही ती टिकली, आणि १९८७ सालीं लागवड बंद होईपर्यंत गांवाचा संसार त्या पिकावर चालला. येथें गांवास हक्क मिळाला खरा, पण त्याबरोबर गरजही मिळाली. ज्याची शाळा गांज्यावर चालते तो गांज्याविषयीं निःपक्षपाती मत कसें देणार?

कायदा बदलावा कीं नाहीं, हा निकाल आम्ही येथें देऊं इच्छीत नाहीं. तुरींतील चार झाडांपायीं ज्याचें घर उघडें पडतें त्या शेतकऱ्याचें दुःख आम्हांस दिसतें; कोवळ्या वयांत चिलमीच्या नादीं लागून वर्गांतून नाहींसे झालेले विद्यार्थीही आम्हीं पाहिले आहेत. परंतु उद्यां कायदा सैल झालाच, तर दोन गोष्टी १८९४ प्रमाणें राहून जाऊं नयेत. दुकान उघडण्यापूर्वीं गांवाचा, आणि विशेषतः स्त्रियांचा, कौल घ्यावा. बंद करण्यापुरताच नव्हे. आणि त्या दुकानाचें उत्पन्न कौल देणाऱ्या ग्रामपंचायतीच्या खजिन्यांत पडूं नये. जिल्ह्याच्या इस्पितळांत व्यसनमुक्तीसाठीं तें वेगळें राखावें. मत देणाराचा हात आणि पैसे घेणाराचा हात एक असला म्हणजे कौलाचा पुनः लिलाव होतो, हें नागपूरच्या तिजोरीनेंही दाखविलें आणि नौगांवच्या शाळांनींही.

कौल देऊन गांव चुकेल, असें कोणी म्हणतील. चुकेलही. परंतु ती चूक त्याच्या नजरेसमोर राहील, आणि दोन वर्षांनीं पुन्हा मत घेऊन ती त्यासच सुधारतां येईल. आजीच्या गांवास ती सवड कधीं मिळाली नाहीं.