कोयनेलच्या झाडाला नाव कोणाचे?

नफ्याच्या ओढीनेच विज्ञान पुढे गेले आणि नवे प्रदेश धुंडाळले गेले, असे आपणास वारंवार सांगितले जाते. हे विधान खोटे नाही, पण ते अर्धे आहे. त्या वाटेवर ओझे कोणी वाहिले आणि नफ्याने ती वाट कोठे अडवली, हे प्रश्न क्रमिक पुस्तकांत येत नाहीत. कोयनेलचा, म्हणजे क्विनीनचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहावा.

सिंकोनाचे झाड दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. त्याची साल हिवतापावर चालते, हे युरोपला सतराव्या शतकात कळले. लिनियसने १७४२ साली झाडाला नाव दिले ते पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयच्या पत्नीवरून, चिंचोनच्या काउंटेसवरून. ती या सालीने बरी झाली, ही दंतकथा इतिहासाच्या कसोटीला उतरली नाही. नाव मात्र राहिले.

१८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सालीतून क्विनीन वेगळे केले. औषधाचे नेमके माप ठरवता येऊ लागले. हिवतापाने गोरे शिपाई आणि अंमलदार मरत राहिले तर उष्ण प्रदेशातील राज्य टिकणार कसे? म्हणून १८५९ साली लंडनच्या इंडिया ऑफिसने क्लेमेंट्स मार्कहॅम याला अँडीजमध्ये धाडले. या मोहिमेतून निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे राहिले. पण तेथे रुजलेल्या तांबड्या सालीच्या जातीत क्विनीन कमी होते.

भरपूर क्विनीन देणारी जात कोठे वाढते, हे बोलिव्हियाच्या जंगलात साल शोधत फिरणाऱ्या आदिवासींना ठाऊक होते. त्यांपैकी मान्युएल इन्क्रा मामानी हा चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी होता. थंडीने बहर जळत गेल्यामुळे वर्षानुवर्षे थांबून त्याने चांगले बी गोळा केले आणि १८६५ साली लेजरला आणून दिले. बी देशाबाहेर नेण्यास बंदी होती. ब्रिटिश सरकारने हे बी नाकारले. डचांनी सुमारे एक पौंड विकत घेऊन ते जावात पेरले. पुढे मामानी बीसाठी पुन्हा जंगलात गेला असता पकडला गेला. तुरुंगात त्याला मारहाण झाली, आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत, १८७१ साली, तो मेला. झाडाच्या त्या जातीचे नाव पडले ‘सिंकोना लेजरियाना’.

डच शास्त्रज्ञांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही. तांबड्या सालीच्या काटक झाडावर त्यांनी लेजरियानाचे कलम बांधले आणि निवड करीत क्विनीनचे प्रमाण वाढवत नेले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगातील सुमारे ९० टक्के साल जावातून येत होती. नफ्याने विज्ञानाला येथवर आणले, हे खरे.

पण पुढे काय झाले? १९१३ साली मळेवाले आणि कारखानदार यांनी करार करून भाव बांधून घेतले. औषध बनवण्याचे ज्ञान होते, जमीन होती, आणि हिवतापाने फणफणलेली गावेही होती. तरीही औषध मिळायचे ते परवडेल त्यालाच. जी बंगालमध्ये पोस्टाच्या कचेरीतून एका पैशाला कोयनेलची पुडी १८९२ पासून विकली जाऊ लागली, ती व्यापाऱ्याच्या हिशेबातून नव्हे, तर सरकारच्या गरजेतून आली. १९४२ साली जपानने जावा घेतल्यावर अमेरिकेने हिवतापाच्या नव्या औषधांच्या शोधावर पैसा ओतला, तोही युद्धासाठी, सरकारी तिजोरीतून.

म्हणजे विज्ञानाला पैसा लागतो. तो नफ्याच्याच पेटीतून यावा असा निसर्गनियम नाही. पैसा जेथून येतो तेथूनच प्रश्नही ठरतात. शिपाई कसा जगेल हा प्रश्न आधी विचारला गेला, मजूर कसा जगेल हा नंतर.

विज्ञानाचा इतिहास शिकवताना आणि शिकताना आपण प्रत्येक शोधापुढे तीन रकाने आखावेत: पैसा कोणाचा, श्रम आणि माहिती कोणाची, लाभ कोणाला. पुस्तकांत पहिला रकाना बहुधा भरलेला असतो. उरलेले दोन भरण्याचे काम आपले आहे.